स्तनाच्या कर्करोगासाठी आर्थिक मदत: आधी कोणाकडे जावे, काय मागावे

प्रश्न: माझ्या मोठ्या बहिणीच्या (वय ४४) डाव्या स्तनात गाठ आढळली असून बायोप्सीत कर्करोगाचे निदान झाले आहे. मेहुणे शेतमजुरी करतात. धाराशिव जिल्ह्यात दीड एकर कोरडवाहू जमीन आहे. शहरातील खासगी रुग्णालयाने केमोथेरपी, शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि वर्षभराची ‘हर-टू’ची (गाठीतील या नावाच्या प्रथिनावरची) इंजेक्शने मिळून जो खर्च सांगितला आहे, तो आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. पहिल्या केमोचे पैसे व्याजाने काढून भरावेत आणि मग संस्थांकडे अर्ज करावेत, असे घरच्यांचे म्हणणे आहे. कोणत्या धर्मादाय संस्था मदत करतात आणि ती कशी मिळवावी?

उत्तर: पहिल्या केमोचे पैसे व्याजाने काढून भरू नयेत. घरच्यांनी सुचवलेल्या क्रमाच्या नेमका उलटा क्रम येथे लागू पडतो आणि मुंबईत वैद्यकीय समाजसेवक म्हणून कर्करोगाच्या रुग्णांसोबत दीर्घकाळ काम केल्यानंतर मला सर्वांत आधी हेच सांगणे आवश्यक वाटते. रुग्णांना मदत करणारे बहुतेक निधी, मग ते शासकीय असोत वा धर्मादाय, पुढे होणाऱ्या खर्चासाठी थेट रुग्णालयाच्या खात्यात रक्कम जमा करतात; झालेल्या खर्चाची भरपाई करत नाहीत. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा तर तसा स्पष्ट नियमच आहे. सावकाराकडून आणलेली रक्कम एकदा रुग्णालयात भरली की ती पुढे कोणत्याही अर्जाने सहसा परत मिळत नाही, तिच्यावरचे व्याज मात्र उपचार संपल्यानंतरही चालूच राहते. याचा अर्थ उपचार लांबवावेत असा मुळीच नाही. कागदपत्रे आणि मंजुरी यांसाठी किती दिवस थांबलेले चालेल, हे ताईंच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे आणि तेवढ्या दिवसांत पुढील कामे पूर्ण करावीत. हे काम दिवसांचे आहे, महिन्यांचे नाही.

उधारीवर उपचार सुरू करण्यात याहून मोठा धोका आहे. केमोचे तीन-चार डोस झाले की अनेक स्त्रियांची गाठ हाताला लहान लागू लागते, वेदना कमी होते आणि नेमका त्याच सुमारास घरातला पैसा संपतो. मग “पीक निघाल्यावर पुढचे डोस घेऊ” असे घरात ठरते, ती स्त्री स्वतःही मान हलवते, आणि काही महिन्यांनी ती परत येते तेव्हा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. लवकर सापडलेला स्तनाचा कर्करोग पूर्ण उपचारांनी बरा होण्याची शक्यता चांगली असते. अर्धवट उपचारांनी मात्र पैसाही जातो आणि ती संधीही जाते. म्हणून माझा आग्रह असा असतो की, पहिल्या डोसची नव्हे, तर संपूर्ण उपचारांची व्यवस्था कागदावर दिसल्याशिवाय कुटुंबाने स्वतःची जमीन, दागिने किंवा जनावरे यांपैकी कशालाही हात लावू नये.

त्यासाठी आधी डॉक्टरांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि ते एका आकड्याचे नसावे. केमोचे डोस किती व प्रत्येकाचा खर्च काय, शस्त्रक्रियेचा किती, रेडिएशनचा किती, हर-टूच्या इंजेक्शनांचा किती, तपासण्यांचा किती, असे वेगवेगळे लिहून त्यावर डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि रुग्णालयाचा शिक्का हवा. कारण एकच संस्था सगळा खर्च उचलते असे फार क्वचित घडते. एकीकडून शस्त्रक्रिया होते, दुसरीकडून औषधे मिळतात, तिसरीकडून राहण्याची सोय होते. आणि कोणता तुकडा कोणाकडे मागायचा हे सुटे आकडे समोर असल्याशिवाय ठरवता येत नाही.

आता क्रम. संस्थांचा विचार करण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहावी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली ही योजना आता आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. २०२४ पासून ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती राहिलेली नाही. पांढरी शिधापत्रिका असलेली महाराष्ट्रातील कुटुंबेही तिच्यात आली आहेत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन तिन्ही तिच्यात बसतात. मात्र योजना सर्व रुग्णालयांत नसते, तर अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या, रुग्णालयांतच असते आणि त्या प्रत्येक ठिकाणी आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीचा, टेबल असतो. ज्या खासगी रुग्णालयाने आपल्याला खर्च सांगितला ते अंगीकृत आहे का, आणि असल्यास कर्करोगाच्या तिन्ही उपचारांसाठी आहे की एखाद्याच उपचारासाठी, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते. हा दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग शस्त्रक्रिया एका गावी झाल्यावर रेडिएशनचे यंत्र शोधत फिरतात.

आपण धाराशिव जिल्ह्यातले आहात म्हणून आवर्जून सांगतो: मुंबई हे एकमेव ठिकाण नाही. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्याला जवळ आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबद्दल लोकांच्या मनात जो विश्वास आहे तो योग्यच आहे. १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलेली आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे असलेली ही संस्था सर्वसाधारण वर्गातील रुग्णांवर अत्यल्प खर्चात उपचार करते. तरीही तेथील गर्दी, दर तीन आठवड्यांचा प्रवास आणि मुंबईतला मुक्काम यांचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. एकदा तेथे जाऊन उपचारांचा आराखडा लिहून घ्यावा आणि केमो घराजवळच्या केंद्रात घ्यावी, हा मार्ग डॉक्टरांना विचारल्यास पुष्कळदा मोकळा असतो. टाटा रुग्णालयात गेलात तर नोंदणीच्या वेळीच सर्वसाधारण वर्गाची फाइल काढावी. घाईत खासगी वर्गाची फाइल काढली तर नंतर वर्ग बदलण्यासाठी वेगळी खटपट करावी लागते.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे आहे आणि त्याची माहिती ग्रामीण भागात फारच थोड्यांना असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धन रुग्णासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३,६०,००० रुपये आहे. याचा खर्च भागवण्यासाठी रुग्णालयाने इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळी ठेवायची असते. मोठमोठ्या, चकचकीत वाटणाऱ्या रुग्णालयांपैकीही कित्येक या नियमाखाली येतात. त्यांच्या नावात वा प्रवेशद्वारावर ‘धर्मादाय’ हा शब्द आहे का तेवढे पाहावे. तेथे जाऊन सवलत मागणे ही याचना नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे आणि त्याच स्वरात, नम्रपणे पण ठामपणे, समाजसेवकाकडे लेखी अर्ज करावा. “खाटा भरल्या आहेत” असे तोंडी उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे आणि जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार द्यावी.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे धर्मादाय संस्थांकडे येतो. १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आपल्या ‘कॅन्सर क्युअर फंडा’तून बरे होण्याची चांगली शक्यता असलेल्या गरजू रुग्णांना सहभागी रुग्णालयांमार्फत मदत देते. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९ पासून काम करणारी मुंबईची संस्था आहे. औषधांबरोबरच शस्त्रक्रियेनंतर लागणारा कृत्रिम स्तन, समुपदेशन अशा गोष्टींतही तिचा आधार मिळतो. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन विशेषतः स्तनाच्या कर्करोगावर काम करते. टाटा ट्रस्ट्सकडून वैयक्तिक वैद्यकीय अनुदान दिले जाते. मुंबईच्या श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यासाकडून आणि शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानाकडूनही गरजू रुग्णांना वैद्यकीय मदत मिळते. रक्कम मोठी नसली तरी एखादी तपासणी किंवा एखादा डोस तीत भागतो आणि एकूण जुळवाजुळवीत तेवढ्याचेही मोल असते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा वैद्यकीय कक्ष आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी हे याच टप्प्यावर येतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधी हा प्रामुख्याने जन आरोग्य योजनेत किंवा धर्मादाय खाटेवर ज्याची सोय होऊ शकत नाही अशा उपचारांसाठी आहे, त्यामुळे तेथे अर्ज करताना आधीची दोन दारे ठोठावली होती हे दाखवता आले पाहिजे.

या संस्थांचे पत्ते मी येथे मुद्दाम देत नाही, कारण रुग्णाच्या नातेवाईकाने एकेका कार्यालयाचे उंबरठे झिजवणे ही पद्धतच चुकीची आहे. कर्करोगाच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. कोणत्या न्यासाकडे यंदा निधी शिल्लक आहे, कोणता न्यास फक्त शस्त्रक्रियेला देतो, कोणाला रुग्णाचे वय किंवा आजाराचा टप्पा महत्त्वाचा वाटतो, हे त्या टेबलावर बसलेल्या व्यक्तीला माहीत असते आणि बहुतेक न्यास तिच्या शिफारशीवरच निर्णय घेतात. म्हणून केसपेपर निघाल्याच्या दिवशीच त्या विभागात जावे, पैसे संपल्यावर नव्हे. घरची परिस्थिती जशी आहे तशी सांगावी. जमीन लपवणे किंवा कमावता मुलगा न दाखवणे असले प्रकार काही लोक भीतीपोटी करतात. पडताळणीत ते उघड झाले की खरोखर गरजू असलेला अर्जही बाजूला पडतो. दीड एकर कोरडवाहू जमीन असल्यामुळे कोणी मदत नाकारत नाही. एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज करता येतात, पण कोणाकडून किती मंजूर झाले हे प्रत्येकाला कळवत राहावे.

हर-टूबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्या अंदाजपत्रकातला तो सर्वांत जड भाग असणार. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण पाच-सहा रुग्णांमागे एकीच्या गाठीत हे प्रथिन जास्त असते आणि अशा रुग्णांना ट्रास्टुझुमॅब हे औषध केमोच्या जोडीने आणि नंतरही, दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर दिले जाते. पूर्वी हे औषध सामान्य कुटुंबाच्या विचारापलीकडचे होते. २०१४ पासून भारतात तयार झालेली त्याची जैवसदृश रूपे (मूळ औषधाशी मिळतीजुळती, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली) बाजारात आली आणि किंमत बरीच उतरली. अंदाजपत्रकात मूळ ब्रँडची किंमत धरली आहे की जैवसदृश औषधाची, हे विचारावे. या एका प्रश्नाने आकडा मोठ्या फरकाने बदलू शकतो. जन आरोग्य योजनेत आपल्या रुग्णालयाला या औषधासाठी किती डोसांची मंजुरी मिळते हे आरोग्यमित्राकडून आधीच लिहून घ्यावे आणि उरलेल्या डोसांसाठीच न्यासांकडे जावे. काही औषध कंपन्यांचे रुग्ण साहाय्य कार्यक्रम असतात, ज्यांत ठरावीक डोस विकत घेतल्यावर पुढचे मोफत मिळतात; त्यांची माहिती डॉक्टरांकडेच असते. एवढे करूनही वर्षाचे औषध जुळत नसेल तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, लवकरच्या टप्प्यातील रुग्णांमध्ये सहा महिन्यांचे ट्रास्टुझुमॅब वर्षभराच्या उपचारापेक्षा फारसे कमी परिणामकारक नसल्याचे दिसले होते. प्रत्येक रुग्णाला ते लागू पडते असे नाही आणि तो निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा आहे. परंतु पैशाअभावी गुपचूप औषध थांबवण्यापेक्षा अडचण सांगून उपचार आखून घेणे कितीतरी बरे.

कागदपत्रांत अर्ज अडतात आणि स्त्रियांचे अर्ज जास्त अडतात. आधारकार्डावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आणि बायोप्सीच्या अहवालावर घाईत सांगितलेले घरगुती नाव, अशी तीन नावे घेऊन आलेल्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या आहेत. लग्नाला वीस वर्षे होऊनही नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरच आहे, किंवा तिथून कमी झाले आणि सासरी चढलेच नाही, हेही नेहमीचे. परित्यक्ता आणि विधवा स्त्रियांच्या बाबतीत तर नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागून त्यांची आणखी कुचंबणा होते. आपण आजच ताईंचे आधारकार्ड, शिधापत्रिका आणि बायोप्सीचा अहवाल शेजारी ठेवून नाव, आडनाव आणि वय अक्षरशः जुळते का ते तपासावे. अहवालावरची चूक प्रयोगशाळेकडून दुरुस्त करून मिळते. शिधापत्रिकेची दुरुस्ती तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होते आणि रुग्णालयाचे पत्र जोडल्यास ते काम लवकर होण्यास मदत होते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच आणि चालू वर्षाचा लागतो. सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करावा. दाखल्यावर तलाठ्याने अंदाजाने लिहिलेला आकडा खऱ्या उत्पन्नापेक्षा जास्त नाही ना, हे घेण्यापूर्वीच पाहावे. मूळ कागद कोणाकडेही सोडू नयेत. प्रतींचे पाच-सहा संच तयार ठेवावेत.

मंजुरी करून देतो म्हणून पैसे मागणारी माणसे रुग्णालयाच्या आवारात भेटतात. यांपैकी कोणत्याही योजनेत किंवा निधीत अर्जासाठी टक्केवारी द्यावी लागत नाही. जन आरोग्य योजनेतील मंजूर उपचारांसाठी रुग्णालयाने वर पैसे मागितले तरीही ते बेकायदेशीर आहे आणि त्याची तक्रार वर दिलेल्या क्रमांकावर करता येते. समाजमाध्यमांवरून लोकवर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळांचा मार्ग मी शेवटचा मानतो. त्यात ताईंचा चेहरा, आजार आणि गाव कायमचे सार्वजनिक होते. त्यांची स्वतःची, दडपणाविना दिलेली संमती असेल तरच आणि संकेतस्थळ किती रक्कम कापून घेते हे पाहूनच तसे करावे.

बिलात न दिसणारा खर्चही कुटुंब मोडतो. मुंबईत राहावे लागले तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे रुग्ण आणि सोबतचा नातेवाईक यांची अल्प दरात सोय होते. त्यासाठी रुग्णालयाचे पत्र लागते आणि जागा मर्यादित असल्याने पहिल्याच भेटीत विचारावे. रेल्वेने उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित डब्यात पूर्ण भाडेमाफी आहे, सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के. त्यासाठीचा ठरावीक नमुन्यातील दाखला रुग्णालय देते. एस.टी.च्या सवलतीसाठीही असाच दाखला चालतो का, हे आगारात विचारावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगासारख्या गंभीर आजाराचे रुग्णही येतात आणि दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठीची २१,००० रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा इतकी तोकडी आहे की मजुरी करणारे कुटुंबही तीत बसणे कठीण जाते. ती वाढली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असल्यास अर्ज अवश्य करावा.

आजार शरीरात पसरलेला आहे असे निदान झाले, तर बरे होण्याच्या शक्यतेवर मदत देणारे निधी मागे हटतात, हे कटू असले तरी आधी माहीत असलेले बरे. तेव्हाही वेदनाशमनाचे उपचार असतात आणि ते महाग नसतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेल्या शांती अवेदना सदनात, तसेच त्याच संस्थेच्या गोव्यातील केंद्रात, अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते. ताईंच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा आराखडा सांगितलेला आहे, त्यावरून ही वेळ आलेली दिसत नाही.

केमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन संपल्यावर न्यासांच्या फाइली बंद होतात, पण औषध संपत नाही. ताईंच्या अहवालात ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल, म्हणजे गाठ स्त्री-संप्रेरकांवर वाढणारी असेल, तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यावी लागेल. ही गोळी स्वस्त आहे आणि जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त मिळू शकते; तरीही महिन्याच्या खर्चात तिचे नाव सर्वांत शेवटी येते आणि स्त्री स्वतःच ती आधी बंद करते. वर्षातून एकदा होणाऱ्या मॅमोग्राफीचेही तसेच. म्हणून शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी घरी परतण्यापूर्वी समाजसेवा विभागात पुन्हा एकदा जावे आणि गोळ्या व पुढील तपासण्या जिल्हा रुग्णालयातून कशा मिळतील, याचे पत्र हातात घेऊनच निघावे.